शेगडीवरचं इंजिन

इंदूर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९६३

ती घरघर अजून कानात आहे. काल सियागंजातल्या मिस्त्रीजींनी माझ्या मोटरसायकलचं इंजिन खोलून बेअरिंग बोटाने फिरवून दाखवलं. जात्यात खडे पडल्यासारखं वाजत होतं. नवं मिळालं, पण जुनं निघेना. त्यांनी हातोडी उचलली तसा मी हात धरला. "मास्साब, पुरानी गाड़ी है, कबाड़ में दे दो."

देऊ कबाडात? आणि सांवेरच्या शाळेत वेळेवर पोचू कसा? आईला इथे सोडून तिकडे खोली घेऊ? छे! लोखंडी बेअरिंग अडकलेलं इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं केसिंग पोत्यात घालून सरळ घरी आणलं.

तापलं की अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, हे दरवर्षी नववीला मीच शिकवतो. मग काल दुकानात का सुचलं नाही? गाढव कुठला!

आज संध्याकाळी केसिंग शेगडीवर ठेवलं. पण किती तापवायचं? सुधा शेजारीच कणीक मळत होती, शेगडी अडवली म्हणून वैतागलेली. "अहो, तव्याला बघतात तसं बघा की," म्हणत तिने पाणी शिंपडलं. चर्र झालं. पाटावर उलटं आपटलं आणि जुनं बेअरिंग आपसूक बाहेर पडलं. नवं नुसतं वरून सोडलं, अलगद बसलं. निवल्यावर जागचं हलेना.

बोटाने फिरवलं. सुधाने कान लावला.

"काहीच ऐकू येत नाहीये."

"पुन्हा ऐक," मी म्हटलं.