पाकिटावरील माणूस

कार्ल्सरूहे, जर्मनी,
शुक्रवार, दुपार

प्रिय पुष्कर,

अनेक आशीर्वाद. एकाच घरात राहून बापाने मुलास पत्र लिहावे हे विचित्र आहे, याची मला जाणीव आहे. परंतु समोरासमोर बोलू लागलो की तू "जाऊ द्या हो बाबा" म्हणून हसतोस, माझा आवाज चढतो, आणि सूनबाई अरुंधती माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या शोधू लागते. मुद्दा तसाच राहतो. कागदाला कोणी मध्येच हसून थांबवू शकत नाही. म्हणून तू ऑफिसातून परतण्यापूर्वी हे लिहून तुझ्या टेबलावर ठेवीत आहे. शेवटपर्यंत वाचावेस.

प्रथम त्या छायाचित्राविषयी. गेल्या रविवारी कॉफीच्या जत्रेत तू मला आपल्या दुकानात उभे केलेस, तेव्हा तू विकतोस त्या कॉफीचे पाकीट मी प्रथमच हातात घेतले. त्यावर मी अनवाणी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, तोंडावर बिचारेपण. ते चित्र तू दोन वर्षांपूर्वी काढलेस, त्या दिवशी माझ्या बुटात जळू शिरली होती आणि ती काढण्यासाठी मी बूट उतरवले होते. बिचारेपण कसले, मी जळवेला शिव्या देत होतो. सकलेशपूरच्या ओल्या रानात अनवाणी फिरतो तो एक तर मूर्ख असतो, नाही तर त्याला सापाने अद्याप गाठलेले नसते. हे तुला ठाऊक आहे, कारण तू त्याच बागेत वाढलास आणि तुझ्या पायातही मी बूट घातले होते. असे असता भर जत्रेत तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "बाबा, पाच मिनिटं बूट काढता का? फोटोशी मॅच होईल." फेटा मी बांधून घेतला होता, कारण लोकांदेखत तुझा मान राखायचा होता. बूट काढले नाहीत. याचा मला आजही आनंद आहे.

त्याच ठिकाणी एका वृद्ध बाईंनी मला आमच्या धंद्याची हकिकत विचारली. तुझी लेक उर्जा माझे मराठी त्यांना जर्मनमध्ये सांगत होती. मी नीट उत्तर देत होतो. चंदगडहून चुलत्याचे बोट धरून मी त्या कानडी मुलखात गेलो, तेव्हा कॉफी सगळी सरकारी मंडळाकडे द्यावी लागे आणि पैसे हप्त्याहप्त्याने येत. पुढे विक्री मोकळी झाली, मुकादमकी करता करता मीही सात एकर घेतले. आता आपल्या देशाची कॉफी जगभर जाते, इटलीवाले सर्वांत जास्त नेतात, आणि गेल्या चार-पाच वर्षांत निर्यातीची रक्कम दुपटीहून वर गेली आहे. हे ऐकताना तू मान डोलवीत होतास. मग मी पुढचे सांगू लागलो. कॉफीला फूल आणणारा पाऊस वेळेवर येत नाही, म्हणून फेब्रुवारीत पंप लावून बाग भिजवावी लागते. खळ्यावर फळ वाळत घातले की नको तो पाऊस येतो. स्थानिक पोरे बंगळुरूला गेली, तोडणीला आसामची माणसे आणावी लागतात आणि तीही अर्ध्या हंगामात दुसरीकडे जातात. भाव चढला तो काही आम्ही शहाणे म्हणून नव्हे, दुसऱ्या देशात पीक बुडाले म्हणून. तेथे पिकले की आम्ही पुन्हा खाली. हत्ती शिरला तर एका रात्रीत वीस वर्षांची झाडे मोडतो. येथे तू मला थांबवलेस आणि म्हणालास, "बाबा, हत्ती चालेल. मजुरांचं नको." पुष्कर, माझ्या आयुष्यातले काय चालेल आणि काय नको, हे ठरविण्याचा अधिकार तुला कोणी दिला?

तरीही मी गप्प बसलो असतो. मुलाचा धंदा नवा आहे, त्याला रीत ठाऊक असेल, अशी मी मनाची समजूत घातली. बुधवारी अरुंधतीने माझी मोठी बॅग खाली केलरमध्ये ठेवावयास सांगितली. आपल्या तळघराच्या त्या जाळीच्या खोलीत, सायकलींच्या मागे, मी पाठविलेली पोती उभी होती. त्यांची तोंडे मी स्वतः दाभणाने शिवली होती आणि प्रत्येकाचा शेवटचा टाका उलटा घेतला होता, जसा नेहमी घेतो. एकही टाका तुटलेला नव्हता. शेजारी रिकामी पोती घडी करून ठेवलेली होती. त्यांवर दुसऱ्याच देशाचे नाव होते.

वर येऊन मी अरुंधतीला पाकिटावरील जर्मन मजकूर वाचावयास सांगितला. ती टाळू पाहत होती. मी बसून राहिलो. शेवटी तिने वाचले की, आतली प्रत्येक बी या माणसाच्या बागेतली आहे आणि त्याने ती स्वतःच्या हाताने तोडली आहे. मग म्हणाली, "अहो बाबा, मार्केटिंग असतं हो ते. इथे लोकांना तुमची रोबस्टा कडू लागते, म्हणून याने दुसरीकडची सौम्य अराबिका घेतली. पण नाव तुमचंच ठेवलं ना? मान आहे तो." त्या मुलीवर माझा राग नाही. तिला जे सांगितले गेले ते तिने मला सांगितले.

मान म्हणजे काय ते मी तुला सांगतो. मी ज्या साहेबांच्या मळ्यावर मुकादम होतो, त्यांच्या घरी पाहुण्यांना अराबिका दिली जाई आणि रोबस्टा आम्हा लोकांना. त्याच रोबस्टावर मी बाग उभी केली. आज तिच्यासाठी परदेशचे व्यापारी अधिक दर मोजतात, आणि तुझे येथील शिक्षणही तिच्यावरच झाले. ती कडू असते. कडू असणे हा तिचा गुण आहे. "बाबा, तुमची कॉफी येथे खपत नाही" असे तू स्वच्छ सांगितले असतेस, तर मी पोती त्या इटलीवाल्यांना दिली असती आणि तुझ्यावर यत्किंचित रागावलो नसतो. तू माझा माल तळघरात लपविलास आणि माझे तोंड बाजारात मांडलेस. माल नको, म्हातारा हवा.

आणखी एक. तळघरातल्या त्या पोत्यांतली बी तुझ्या आईने निवडली आहे. काळी, फुटकी, भोक पडलेली, एकेक बाजूला काढून. मी तिला म्हणालो, "स्नेहलता, यंत्र आहे, तू कशाला डोळे फोडतेस?" तर म्हणाली, "यंत्राला काय ठाऊक पुष्करकडे जायचीय ते." मी येथे आल्यापासून ती रोज फोनवर विचारते, "लोक काय म्हणतात हो?" आणि मी रोज सांगत आलो की, आवडली म्हणतात. बुधवारपासून मी तिचा फोन घेतलेला नाही. बागेवरच्या दत्ताकडून निरोप पाठविला की, माझा घसा बसला आहे.

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. उद्या सकाळी न्युरेम्बर्गचे ते कॅफेवाले गृहस्थ घरी येणार आहेत. सगळ्या कॅफेंसाठी वर्षभराची बोलणी पक्की करण्यापूर्वी त्यांना मला भेटायचे आहे. तू योजना आखली आहेस की, मी बोलावे आणि उर्जाने ते जर्मनमध्ये सांगावे. काल जेवताना म्हणालास, "आजोबा आणि नात, गेनाऊ, अगदी हेच लोकांना आवडतं." ते विचारतील की, ही कॉफी तुमच्या बागेतली का. मी होय म्हणालो, तर ते खोटे उर्जाच्या तोंडून बाहेर पडेल. नाही म्हणालो, तर आपला बाप खोटे विकतो हे त्या पोरीला परक्या माणसापुढे स्वतःच्या जिभेने सांगावे लागेल. ती अकरा वर्षांची आहे, आणि माझ्याशी जर्मनमध्ये बोलत असली तरी माझा शब्द न् शब्द तिला कळतो. या दोहोंपैकी काहीही मी तिच्याकडून वदवून घेणार नाही. म्हणून ते गृहस्थ बसल्यावर पहिले वाक्य तू बोल, तुझ्या जर्मनमध्ये, आणि खरे बोल. ते उठून गेले तर जाऊ देत. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असेन. तू काय बोललास ते मला समजणार नाही, परंतु उर्जा तुझ्याकडे कशी पाहते त्यावरून मला कळेल.

रागावलेला, तरीही तुझाच,
बाबा