दोन तासांची लाल गाडी

१४ एप्रिल २०१६

लातूरला रेल्वेनं पाणी आलं म्हणे. टीव्हीवर इंजिनाला हार घालत होते. आमच्या जळकोटला टँकरच — तोही आठव्या दिवशी. आमच्या पोराला, शरणला जाऊन चौतीस दिवस झाले. रडू येत नाही. जेवण जातं, झोप लागते. दगड झालोय का काय मी!

१६ एप्रिल

तहसीलला गेलो. रेशनकार्डावरून शरणचं नाव कमी करायचं होतं. कारकून म्हणाला, "थांबा की काका. उदगीर जिल्हा व्हनार हाय. तवा समदी कार्डं नवी निघतील, तवाच काढू." हा जिल्हा होणार म्हणून किती वर्षं ऐकतोय! पण आज बरं वाटलं. अर्जाची घडी करून खिशात घातली.

घरी येऊन बायकोला, कमलला सांगितलं. ती म्हणाली, "राहू द्या नाव. खायला मागायलंय का ते?"

१९ एप्रिल

कमलवर ओरडलो. पूजेला माणशी एक फुलपात्र पाणी, हा नियम दोघांनी मिळून केलाय. इष्टलिंग तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची — एक फुलपात्र रग्गड. ही महिनाभर दोन नेते. वर दार लोटून घेते.

"देवाचं पाणी मोजता व्हय?" म्हणाली.

लग्नाला तीस वर्षं झाली, वादात हिच्याशी एकदाही जिंकलो नाही.

२२ एप्रिल

आज लिहूनच टाकतो.

आम्हा लिंगायतांत लहानपणी स्वामींनी गळ्यात बांधलेलं लिंग माणसाबरोबर मातीत जातं. माझ्या बापाला बसवून पुरलं, तेव्हा त्याचं लिंग मीच त्याच्या डाव्या हातात दिलं होतं. शरणला बसवलं, आणि त्याच्या गळ्यात लिंगच नव्हतं.

हैदराबादच्या दवाखान्यात चार दिवस. डेंग्यू. मी कागदं घेऊन खालीवर पळत होतो, कमल त्याच्या उशाशी. त्याच्या वस्तूंची पिशवी तिच्याच हातात दिली — घड्याळ, मोबाइल, पाकीट. लिंग? तिनं नुसती मान हलवली. नाही. मग ऐनवेळी स्वामींनी नवं आणलं. परकं लिंग हातात धरून पोरगं बसलंय तिथं खाली. सव्वीस वर्षांचं.

स्वामी म्हणाले, जुनं मिळालं तर समाधीवर हातभर माती उकरून ठेवता येईल. मिळालं तर! बाकी कशाचंच काही वाटत नाही मला. एवढं एक डोक्यातून जात नाही.

२५ एप्रिल

शरणचा मोबाइल चार्ज केला. फेब्रुवारीत वाढदिवसाला त्यानं हैदराबादेत लाल रंगाची स्पोर्ट्स कार भाड्यानं घेतली होती, दोन तासांसाठी. फोटो आहे. स्टेअरिंगवर हात, दात सगळे बाहेर, शर्टाची दोन बटणं उघडी — आणि गळ्यात दोरा, लिंगाची चांदीची डबी. कडेचा पोचासुद्धा दिसतो. चौथीत सायकलवरून पडला होता, तेव्हाचा. त्यानंतरच्या एकाही फोटोत गळा दिसत नाही.

म्हणजे गाडीतच पडलं!

एकतीस वर्षं एस.टी. चालवली. सीटखाली काय काय सापडलं — नथ, कवळी, एकदा जिवंत कोंबडी. गाडीत हरवलेलं गाडीतच असतं. हे माझ्याइतकं कुणाला कळणार!

२७ एप्रिल

गाडीवाल्यांना फोन केला. "अंकल, गाडी रोज धुलती. कुछ नहीं मिला." धुणारा माणूस सीट सरकते त्या पट्टीत हात घालतो का कधी? बघायला येऊ का म्हटलं, तर नक्को — गाडी रोज बुक असते. बरं. मग मीच बुक केली. दोन तास. लायसन आहे माझ्याकडे, अवजड वाहनाचंसुद्धा!

भाडं ऐकून वीरण्णा खालीच बसला. धाकटा भाऊ असून मला थोरल्यासारखा बोलतो. "दादा, लोकं काय म्हनतील? पोरगं जाऊन दोन महिने न्हाई झाले, आन् बाप लाल गाडी फिरवायलाय!" म्हणू दे.

कमल एवढंच म्हणाली, "तिथं न्हाई ते." हिला काय ठाऊक! गाडीतलं मला कळतं का हिला?

२९ एप्रिल

काही नाही.

४ मे

उद्या सकाळी सातची वेळ मिळालीय. आजच निघालो. कमलनं दशम्या बांधून दिल्या. दाराशी आली. "आवो —" म्हणाली, आणि थांबली. मीही थांबलो.

"पानी पिऊन जावा," म्हणाली.

प्यालो. उदगीरवरून बीदर, तिथून हैदराबाद. बसची पुढची सीट मिळाली. ड्रायव्हर क्लच फार घासत होता.

५ मे

गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं! आधी पाय, मग कंबर, मग मान. शेजारी त्यांचा माणूस बसतो, चाळिशीचा, मेहंदी लावलेली दाढी. "अंकल, आराम से. ये बस नहीं है."

रिंगरोडला लागलो आणि पहिल्या मोकळ्या जागेत बाजूला घेतली. उतरलो, गुडघे टेकले, सीटच्या पट्टीत हात घातला. तो घाबरला. "क्या गिरा अंकल?" मी म्हणालो, "देव पडलाय. माझ्या मुलाचा." त्याला वाटलं, मुलगा रागावला असेल. "तो बेटे को साथ लाना था ना."

मग सांगितलं.

तो खाली उतरला, बाह्या वर केल्या, मोबाइलची बॅटरी लावली. पायपुसणी काढली, डिकी उघडली, सीट पुढं-मागं केल्या. बोटाला ग्रीस, कपाळावर घाम. एक केसांचा चाप मिळाला, दोन टिकल्या, शेंगदाण्याची सालं. दोन तासांतले पावणेदोन तास गाडी रस्त्याकडेला दारं उघडून उभी. जाणारी-येणारी पोरं फोटो काढत होती.

नाही मिळालं.

"पंधरा मिनट है अंकल. चलाओ." म्हणून चालवली. सीट मला हवी तशी लावली; शरणची नि माझी उंची एकच, त्यानंही इथंच लावली असणार. पाय ठेवला की नुसती झेप! शरण इथंच बसला होता, एवढा हसत. मला काहीच वाटलं नाही. आणि त्या काहीच न वाटण्याचीच भीती वाटली.

गाडी परत दिली. त्या माणसानं हात हातात धरून ठेवला बराच वेळ.

६ मे

घरी आलो. नाही म्हणून सांगितलं. कमल माझ्याकडे बघत राहिली, मग चुलीपाशी गेली. भाकरी करपली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

९ मे

वीरण्णा आला. जिल्ह्याचं बोलला, टँकरचं बोलला. गाडीचं विचारलं नाही. भला माणूस आहे तसा.

आज परत दोन फुलपात्रं!

१३ मे

समाधीवर गेलो. माती तडकलीय. भेगेत बोट जातं. "माफ कर रे," म्हणालो. आवाज दुसऱ्याच कुणाचातरी वाटला.

१५ मे

सकाळी टँकर लवकर आला. हाक मारली, कमलला ऐकू गेलं नाही. दार ढकललं. पाठमोरी, पदर डोक्यावर. डाव्या तळहातावर दोन लिंगं. शेजारी दोन डब्या. एकीला कडेला पोचा.

एकाला पाणी घालून झालं होतं. दुसऱ्याला अंगठ्यानं हळूहळू विभूती लावत होती, तान्ह्याला टिळा लावावा तशी.

तिनं मला पाहिलं. मूठ मिटली आणि छातीशी धरली. "म्या न्हाई देनार," म्हणाली.

बाहेर आलो. टँकरच्या रांगेत हंडा लावला आणि तिथंच रडलो, सगळ्यांसमोर. पासष्ट दिवसांनी.

स्वामींना काही सांगायचं नाही. माझ्या वाट्याचं फुलपात्र भरून तिच्या दाराशी ठेवलंय.