फ्रीजवरची चिठ्ठी

३ जून, मंगळवार
आले एकदाची ह्यूऑन खोऱ्यात, आईच्या घरी! होबार्टच्या शाळेत तीस वर्षं मुलं सांभाळली, आता धाकट्या भावाला, एरलला सांभाळायचं. आई गेल्यापासून तो एकटाच. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, पण गोळ्या नेमाने घेतो, आवाज ऐकू येणं केव्हाच थांबलंय. उरलाय तो विसराळूपणा. हातातलं काम अर्ध्यात सुटतं त्याचं. म्हणून घरभर चिठ्ठ्या: ‘गोळ्या नाश्त्यानंतर’, ‘राख पत्र्याच्या बादलीतच’. म्हटलं, अरे, घर आहे की सूचनाफलक? मी आलेय ना आता! सगळ्या उपटून लाकडं जाळायच्या शेगडीत टाकल्या. ताई, तुझा हात फार चालतो हं, म्हणाला आणि हसला. जेवायला मटणाचे चॉप आणि भाजलेला भोपळा केला.

६ जून, शुक्रवार
विद्यापीठातून टॅमसिन नावाची मुलगी स्मरणशक्तीची चाचणी घ्यायला आली होती. पेशंटच्या सख्ख्या नातेवाइकांचीही घेतात म्हणे. मी म्हटलं, घे की, जन्मभर मी दुसऱ्यांच्याच परीक्षा घेतल्या. तिने पंधरा शब्द वाचले, वीस मिनिटांनी विचारले. एरलला आठ आठवले. मला पाच.
सख्ख्या नात्यात कधीकधी असा थोडा विसराळूपणा दिसतो, तो काही आजार नव्हे, असं टॅमसिन म्हणाली. एरलने माझ्यासाठी चहा केला. मला भयंकर राग आला, कुणाचा कोण जाणे.

९ जून, सोमवार
इथल्या जूनच्या थंडीत, धुक्यात एरल कोटाशिवाय ओढ्याकडे गेला. शेजारच्या मर्लबाईंनी आणून सोडला. वर मला टोमणा, ग्लेनिस, भाऊ सांभाळायला आलीस की हरवायला?
आमची दोन्ही दारं आतूनही त्याच एका किल्लीनेच उघडतात. कुलपं लावली, किल्ली लपवली. एरल बघत होता. बघू दे, विसरेल. खिडक्यांना आईने बसवलेल्या लोखंडी जाळ्या आहेतच.

१० जून, मंगळवार
फ्रीजवर पुन्हा चिठ्ठी! न वाचताच शेगडीत टाकली.

११ जून, बुधवार
किल्ली सापडत नाही. डबे, कपाटं, गाद्या, सगळं उलथंपालथं केलं. काय शोधतेस, ताई? चष्मा, म्हटलं. चष्मा नाकावरच होता. तो हसला, मी ओरडले त्याच्यावर.
मर्लबाईंना फोन करावा का? पण मग हिचंही डोकं गेलं म्हणतील, आणि एरलला मनोरुग्णांच्या संस्थेत नेऊन टाकतील. नको. उद्या सापडेल.

१२ जून, गुरुवार
सकाळी शेगडीतली राख काढली. मग — कुठे ठेवली?
धूर येतोय. स्वयंपाकघरातून. लाकडांजवळचं पुठ्ठ्याचं खोकं — मीच — फोनही तिथेच, चार्जरला —
जाळी हलत नाही. हाका मारल्या, कुणी नाही.
लिहितेय. लिहिताना आठवतं कधीकधी. सोमवार. किल्ली लपवली — मागचं पान पाहिलं — कुठे ते लिहिलंच नाही —
एरल माझा हात धरून उभा. शांत. म्हणतो, ताई, मला ठाऊक होतं मी विसरणार, म्हणून किल्ली कुठे ते लिहून फ्रीजवर लावलं होतं मी. चिठ्ठी बघ ना.
कसं सांगू याला —
हात सुटला. आणतो म्हणाला. धुरात शिरला — एरल, नको, तिथे चिठ्ठी नाही, मी ती —