स्तोत्राची चाल

५ मार्च
शास्त्रवाचन माझ्याकडून काढून घेतलं! घशाच्या ऑपरेशनपासून माझा आवाज म्हणजे ओल्या लाकडावर करवत — मान्य. पण म्हणून चर्चच्या भिंतीतला यंत्राचा डबा वाचणार आणि मंडळी 'आमेन' म्हणणार? आणि तो बसवतोय कोण? माझाच मुलगा. देवाचं नाव न घेणारा!
तरुण पाळक म्हणाले, "काका, माणसं उरलीत कुठे? निदान बाकं तरी भरतील."
बाकं भरायला सर्कस आणा, म्हटलं.

८ मार्च
डब्यानं पहिलं स्तोत्र वाचलं. आवाज तरणा, भरदार. पण चाल? शाळेतल्या कवितेची! प्रत्येक ओळीच्या शेवटी झोका. एकदम वर्गातली दुपार आठवली — फळ्यावर सरकणारं ऊन, ताल धरणारी गुरुजींची छडी, सगळा वर्ग एका सुरात डुलतोय. डोळे भरून आले. एका डब्यानं मला रडवावं! त्याचाच संताप आला.
शेजारच्या बाकावर तोफ. कारखान्यातल्या यंत्रांवर ओरडून ओरडून आवाज तसा झालाय म्हणून ते नाव. तो कानाशी म्हणाला, "फोडून टाकू का रे?"
मी नाही म्हटलं नाही.

१२ मार्च
जेवताना मुलाशी पेटलं.
"पप्पा, तुमच्यामागे ते पुस्तक उघडणार कोण? मी?"
"तू कशाला उघडशील? सैतानाचा मिस्त्री तू!"
काचेचं ताट भिंतीवर भिरकावलं. सूनबाई काचा वेचता वेचता म्हणाली, "पप्पा, अहो, तो आवाज कुणाचा —"
"त्या डब्याचं नाव काढायचं नाही या घरात!" ओरडलो. घशातून रक्त आलं.
मुलानं तिला खुणेनं गप्प केलं. "राहू दे. ओळखतील तेव्हा ओळखतील."
काय ओळखायचंय त्या डब्यात?

१५ मार्च
 लिहून ठेवतो.
क्षमेची प्रार्थना नुकतीच संपली होती. डबा वाचू लागला तसा तोफ उठला आणि त्यानं तार ओढली. डब्याच्या बाजूच्यांनी त्याची कॉलर धरली. मग काय! बाकं उलटली. गायनमंडळातल्या बाईनं गीतांचं जाड पुस्तक कुणाच्या तरी नाकावर हाणलं. लाथा, बुक्क्या, आयाबहिणींवरून शिव्या — वेदीसमोर! पाळक मध्ये पडले, त्यांचा झगा टरकला. आणि तार तुटूनही डबा वाचतोच आहे, बॅटरीवर, शांतपणे, झोके देत.
मला ते सहन होईना. वेदीवरची पितळी समई दोन्ही हातांनी उचलली. जिवाच्या करारानं फिरवली.
मुलगा मध्ये आला. डब्याला पाठ लावून, हात पसरून.
सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो पायरीवर कोसळला. तोंडातून रक्त, रक्तात दात. माझ्या बाहीवर त्याचंच रक्त.
डबा स्तोत्र संपवूनच थांबला.

१६ मार्च
इस्पितळ. जबडा तारांनी बांधलाय. बोलता येत नाही. आता बाप मुका, लेकही मुका.
हवालदार आला. "मीच मारलं," मी म्हणालो. त्या रात्री ओरडल्यापासून उरलीय ती नुसती घरघर! त्याला कळेना. मुलानं मोबाइलवर टाइप करून दाखवलं : 'पाय घसरला. समई अंगावर पडली.'
हवालदारानं माझ्या बाहीकडे पाहिलं. पुन्हा विचारलं. मुलानं तीच ओळ पुन्हा त्याच्यासमोर धरली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
जन्मभर मी क्षमेवरची वचनं वाचली, याच आवा— नाही, त्या जुन्या आवाजात. आता नाही तो माझ्याकडे.

१७ मार्च
सूनबाईनं एक जुनी कॅसेट लावली. म्हणाली, डब्याचा आवाज यांनी यातूनच बनवलाय.
तोच तरणा आवाज. तोच झोका. स्तोत्र संपलं. मग खोकला — माझा. आणि एक बोबडा आवाज :
"पप्पा, पुन्हा म्हणा ना!"