तळ्याकाठचं पहिलं ‘नको’

किलार्नी,
सोमवार, दुपार

तीर्थरूप हॅना मावशी,

तुझा गुडघा, तुझं मांजर आणि तुझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारे ते नाचरे शेजारी, तिघंही शांत असोत ही इथल्या सगळ्यांची प्रार्थना. इथले सगळे म्हणजे मी आणि कुत्रा. कुत्रा मजेत आहे. मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या, त्याही धडधाकट आहेत. धूर आता खोलीत न कोंडता धुरांड्यातून बाहेर जातो. (तू पाठवलेल्या लोकरी मोज्यांपैकी एक मी वारा अडवायला धुरांड्यात कोंबला होता आणि विसरलो होतो. राग मानू नकोस, दुसरा नीट आहे.) हवा मऊ आहे, म्हणजे गेले नऊ दिवस पाऊस धड थांबलेला नाही. एवढं सोडलं, तर माझं आयुष्य संपलं आहे.

व्हँडाबाईंबद्दल लिहितो. तिकडे अमेरिकेत तुझ्या गुडघ्याला व्यायाम द्यायला येणाऱ्या या बाईंना माझा पत्ता तूच दिलास, तेव्हा ऐकायची जबाबदारीही तुझीच. दोन वर्षं आमची पत्रं चालली. त्या विधवा, आणि मी चोपन्नाव्या वर्षी अजून कुणाचाच कुणी नाही. कालच्या आधीच्या रविवारी त्या आठवड्याभरासाठी इथं आल्या, मिसेस टँगनींच्या घरी पाहुण्यांच्या खोलीत उतरल्या, आणि पाच दिवस माझ्या मेंढ्यांची चौकशी करून शुक्रवारी म्हणाल्या की उद्या मला तुमचं गाव दाखवा. रविवारी त्यांची परतीची, विमानतळाकडे जाणारी बस. म्हणजे माझ्या हातात एकच दिवस. आईची अंगठी मी काडेपेटीत घातली, काडेपेटी कोटाच्या खिशात ठेवली, आणि ठरवलं की दिवस मावळायच्या आत विचारायचं. ‘माझ्याशी लग्न कराल का?’ चार शब्द, मावशी. मेंढरांच्या बाजारात मी दिवसभर घसा फोडून बोलतो.

आता गाव दाखवायचं म्हणजे काय, ते मला कुठं ठाऊक! मी इथून सहा मैलांवर जन्मलो, पण रॉसच्या किल्ल्यात कधी पाऊल टाकलेलं नाही. किल्ला तिथंच असतो, पळून जात नाही, म्हणून बघायचा राहून गेला. (तूही बघितला नाहीस, आईनंही नाही. आपल्या घराण्यात तो किल्ला फक्त ‘किल्ल्यापासून डावीकडे वळा’ एवढ्यापुरता वापरला गेला आहे.) म्हणून मी डिनी मॉयनिहनचा टांगा ठरवला. डिनी माझ्याच बाकावर बसून नापास झालेला. तीस वर्षं पाहुण्यांना तळ्याभोवती फिरवून त्याची जीभ घोड्यापेक्षा जास्त धावते. प्रत्येक जुन्या झाडाखाली त्याची एकेक राजकन्या प्रेमापायी मेलेली. दुपारपर्यंत चार मेल्या. पाचव्या झाडापाशी त्यानं चाबूक माझ्याकडे वळवला. “आणि हा आमचा मर्ट. हाही प्राचीनच आहे बाई, पण याला बघायला आजवर कुणी आलं नव्हतं.” व्हँडाबाई इतक्या हसल्या की त्यांना टांग्याची दांडी धरावी लागली. चारी शब्द माझ्या घशातून परत खाली गेले.

किल्ल्याच्या भिंतीआड आम्ही पावसापासून उभे राहिलो, आणि खऱ्या संकटाला सुरुवात झाली ती तिथं. व्हँडाबाईंनी पिशवीतून मिसेस टँगनींनी बांधून दिलेलं हॅमचं सँडविच काढलं. जाडजूड, मोहरी लावलेलं. म्हणाल्या, “अर्धं घ्या ना, मर्ट.” मी पहाटेपासून धास्तीनं अन्नाला शिवलो नव्हतो. पण आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा ‘छे छे, नको’, दुसऱ्यांदा ‘माझ्यासाठी कशाला उगाच’, आणि तिसऱ्यांदा देणाऱ्यावर उपकार केल्यासारखं घ्यायचं. आईनं हे मला चालायच्या आधी शिकवलं. तेव्हा मी म्हणालो, “छे छे, नको, भूकच नाही.” आणि दुसऱ्यांदा विचारलं जायची वाट बघत हात खिशातून थोडा बाहेर काढून ठेवला. त्या म्हणाल्या, “बरं.” आणि डिनीला विचारलं. डिनी एका झटक्यात ‘हो’ म्हणाला! परक्यांच्या संगतीत माणूस किती बिघडतो ते बघ. माझं अर्धं सँडविच माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या मिशांत गेलं.

पुढचा दिवस असाच. छत्रीत या म्हणाल्या, मी नको म्हणालो, त्यांनी छत्री आपल्याकडे ओढून घेतली आणि मी बुटापर्यंत भिजलो. होडीतून बेटावर जाताना अर्धं पांघरूण घ्या म्हणाल्या, तेही गेलं. धबधब्यापाशी हात देऊ का म्हणाल्या. (मावशी, हात! तोसुद्धा मी नाकारला, आणि खडकावरून घसरून बसलो.) मक्रॉसच्या रानात नेचे सगळे तांबूस झाले होते, पानं गळत होती, तेवढ्यात पाऊसही थांबला, आणि मी मनाचा हिय्या केला. “व्हँडाबाई, मला तुम्हाला...” एवढं म्हणतोय तोच झाडीतून सांबराएवढं लाल नर हरीण छाती फुटेस्तोवर ओरडलं. दर ऑक्टोबरात ओरडतात ते. “काय झालंय त्याला?” त्यांनी घाबरून विचारलं. “बायको शोधतोय,” मी म्हणालो, आणि माझे कान तापले. टांग्यावरून डिनी म्हणाला, “बघ मर्ट. त्याला तरी लाज वाटते का?”

संध्याकाळी तळ्याकाठच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. डिनी दहा पावलांवर घोड्याला तोबरा बांधत होता. पाणी स्थिर होतं. खिशात काडेपेटी ओली झाली होती. आणि मी तोंड उघडायच्या आत व्हँडाबाईच तळ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, “मर्ट, मी उद्याची बस सोडून दिली तर? इथंच राहिले तर? आवडेल तुम्हाला?”

मावशी, दोन वर्षं ज्या शब्दांसाठी मी टपालवाल्याच्या सायकलीकडे डोळे लावून बसलो, ते शब्द माझ्या पुढ्यात होते. आणि मी म्हणालो, “छे छे, नको, माझ्यासाठी कशाला उगाच एवढं!”

माझ्या मनानं हे ठरवलेलं नव्हतं. तोंडानं परस्पर केलं. वाईट म्हणजे, मी खुशीत होतो! पहिलं झालं, आता दुसरं येईल, तिसऱ्याला हो म्हणायचं आणि काडेपेटी काढायची. त्या म्हणाल्या, “बरं.” आणि पिशवीचा बंद ओढला. मी थांबलो. टांग्यात थांबलो, चर्चच्या चौकापर्यंत थांबलो. सबंध वाटेत त्यांनी एकच गोष्ट विचारली, उद्याची बस किती वाजता. मी ‘दहा’ म्हणून बिनचूक सांगितलं.

त्यांना सोडल्यावर डिनी माझ्यावर उखडला. “अरे गाढवा, तिनं विचारलं तुला!” मी म्हणालो, “एकदाच विचारलं.” त्यानं टोपी काढून चिखलात आपटली. “अमेरिकेची माणसं एकदाच विचारतात! तीस वर्षं टांग्यात घालून फिरवतोय मी त्यांना!”

तेव्हा मला उमगलं. रात्र कशी काढली ते सांगत नाही. रविवारी साडेनवालाच मी मिसेस टँगनींच्या दारात. व्हँडाबाई वर सामान बांधत असणार अशी माझी समजूत. पण कुणाच्या घरी जाऊन ‘तुमच्याकडची बाई कुठं आहे?’ असं तोंड वर करून कसं विचारणार? आधी हवा, मग त्यांच्या भावाचं पोट, मग कोंबड्या. “चहा घ्या, मर्ट.” “छे छे, नको.” “अहो घ्या हो.” “माझ्यासाठी कशाला उगाच.” “घेतल्याशिवाय जायचं नाही, सांगून ठेवते!” मग चहा. मग केक, तोही तीन फेऱ्यांत. माझा जीव जिन्याकडे आणि कान मिसेस टँगनींच्या कोंबड्यांकडे. दुसऱ्या कपाला खिडकीसमोरून बस गेली. व्हँडाबाई तिसऱ्या बाकावर.

“गेल्या बिचाऱ्या,” मिसेस टँगनी म्हणाल्या. “नऊलाच स्टँडवर जाऊन बसल्या होत्या. कुणाची वाट बघत होत्या कुणास ठाऊक. मला वाटलं, तुम्ही त्यांना भेटूनच आलात.”

व्हँडाबाईंनी बसमधून मला बघितलं, मावशी. खिडकीत मी, पुढ्यात चहा, तोंडात केक. मी हात हलवला. मिसेस टँगनींनी आणखी एक तुकडा पुढे केला आणि मी ‘नको’ म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा ते खरं होतं, आणि त्यांनी तो माझ्या बशीत ठेवला.

असो. पावसाळी हवेत गुडघा झाकून ठेव. मांजराला माझा नमस्कार.

तुझा भाचा,
मर्ट क्रिमिन

ता.क. हे पत्र मिळेल तोवर व्हँडाबाई तुझ्या गुडघ्यासाठी पुन्हा येऊ लागल्या असतील. त्यांना मी चार पत्रं लिहिली आणि चारी चुलीत घातली. ‘नको म्हणालो ते हो होतं’ हे कागदावर फारच वेडगळ दिसतं. तुझ्या तोंडून बरं वाटेल. आपल्याकडची रीत त्यांना सांगशील का? आणि म्हणावं, अंगठी काडेपेटीतच आहे.

ता.क. २. वरचं पुन्हा वाचलं. राहू दे. या वयात तुला माझ्यासाठी कशाला उगाच एवढा त्रास! त्यांना काहीही सांगू नकोस.

ता.क. ३. पाकीट चिकटवून पुन्हा फोडलं. आत्ता आठवलं, उन्हाळ्यात तू लिहिलं होतंस, ‘तुझ्या मनातलं मीच व्हँडाच्या कानावर घालू का?’ मी ‘नको’ लिहिलं होतं, आणि तू पुन्हा विचारलंच नाहीस. तुला तिकडे जाऊन साठ वर्षं झाली हे खरं. पण मावशी, तू मूळची इथली. वर ‘सांगू नकोस’ लिहिलंय ना, ते माझं पहिलंच ‘नको’ आहे.