पोखर्णीची पहिली फेरी

तीर्थस्वरूप लिंबाजीमामांच्या चरणी झरीहून जावई महारुद्र याचा दंडवत. आपल्या गुडघ्याला आराम असेल, सासूबाईंचा खोकला गेला असेल आणि शालूही माहेरी खुशाल असेल. (फोन केला की ती ‘राँग नंबर’ म्हणते. आवाज ठणठणीत आहे, त्यावरून तब्येत बरी असावी.) तिला परत न्यायची घाई म्हणून मी हे लिहीत नाही. माझी बाजू तेवढी आपल्याला कळावी, कारण तिने तिकडे काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे.

त्याचं झालं असं. परभणीतल्या सायकलवाल्या मंडळींनी पोखर्णीच्या नरसिंहापर्यंत ‘सायकल फेरी’ काढली. नवख्यांनी जरूर यावं, जोडीने आलात तर उत्तम, असं फलकावर होतं. आता मामा, मी जन्मभर कबड्डी खेळलेला माणूस. आमच्यात फेरी म्हणजे पहिली फेरी, दुसरी फेरी, मग अंतिम. हरला तो घरी. फेरी म्हणजे नुसतं फिरून येणंही असतं, हे मला कुणी सांगितलं नाही. (शालू म्हणते, तिने दोनदा सांगितलं. सांगितलं असेल.) शिट्टी वाजली आणि मी जो सुटलो, तो मागे पाहिलं नाही. बाकीचे गप्पा मारत, एकमेकांना पाणी देत येत होते. मला त्यांची कीव आली. वाटेत पोहे-चहाचं टेबल लागलं. तो मला रोखायचा डाव समजून मी तिथेही थांबलो नाही. त्याआधी मागून शालूची हाक आली होती, “अवो, चेन पडली माझी, थांबा की!” ऐकू आली मला. पण शर्यतीत थांबत नसतात, मामा.

पोखर्णीला पहिला पोचलो. ना फीत, ना हार, ना पंच. देवळासमोर नारळ विकणारी केशरबाई तेवढी होती. तिच्यापुढेच दोन्ही हात वर केले. ती घाबरून म्हणाली, “कोण मागं लागलंय वो तुमच्या?” कोणीच नाही, म्हणालो. आणि ते खरंच होतं.

लय वेळाने सगळे एकदमच आले. सर्वांत शेवटी शालू, आणि तिच्या मागे सिद्धोधन नावाचा स्वयंसेवक. जो शेवटी असेल त्याच्या मागे राहायचं, एवढंच त्याचं काम. ही शर्यत नसते, इथे शेवटच्यासाठी सगळे थांबतात, हे त्याने मला पोखर्णीत समजावलं. पदक सगळ्यांना मिळालं. मला नाही, कारण पोह्यांपाशी हातावर शिक्का घ्यायचा होता. शालूने सायकल मंडळींच्या टेम्पोत चढवली आणि आपल्या पालमची एसटी धरली. जाताना एवढंच म्हणाली, “लगीन झाल्यापासून तुमी म्होरंच पळायलात. पळा आता एकटेच.”

टेम्पोने सायकल घरी आणून टाकली, शालू आली नाही. घरात आता मीच पहिला आणि मीच शेवटचा. भात करपतो, तो मुकाट्याने खातो. करमत नाही, मामा. पण चूक त्या ‘फेरी’ शब्दाची होती, एवढं ध्यानात घ्यावं. सासूबाईंना नमस्कार सांगावा.

आपला,
महारुद्र

ता. क. शालूचं पदक एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

ता. क. दुसरा. पुढच्या फेरीत मागे राहायचं काम मी सिद्धोधनला मागितलं. तो म्हणाला, आधी घरी सवय करा.

ता. क. तिसरा. शालूची चेन बसवली, तेल दिलं. रविवारी दोन्ही सायकली घेऊन येतोय. गंगाखेडपर्यंत टेम्पो मिळेल. पुढे एका हाताला एक अशा धरून पायीच यावं लागेल. फार उशीर होईल. शालूला एवढं विचारा, थांबेल का?