तुमच्या सिस्टिमचा रिमोट

बाई,

तुमच्या म्युझिक सिस्टिमला रिमोट मिळाला. हे सांगावं असं दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. घरी विषय काढला की बायको हसते. दुकानात काढला की गिऱ्हाईक म्हणतं, भाऊ, ते राहू द्या, माझा मोबाईल कधी देता? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की पिंप्राळ्यातल्या तुमच्या गल्लीत तुम्हाला ओळखणारी घरं आता थोडीच उरली आहेत. तुमच्यामागे आबा मात्र एकटेच त्याच घरात, त्याच खुर्चीत आहेत. त्यांच्या त्या रिमोटनं मला अख्खा उन्हाळा चैन पडू दिलं नाही.

होळीच्या सुमारास ते रिक्षातून दुकानासमोर उतरले. पिशवीत तुमचा जुना रिमोट होता. तुम्ही गेल्यापासून तो ड्रॉवरमध्ये पडून होता. आतले सेल फुटले, त्यांच्या हिरवट खारानं स्प्रिंगा खाल्ल्या आणि सर्किटही गेलं. आबा म्हणाले, "याच्यासारखा दे." मी म्हटलं, आबा, ही कंपनीच आता ही मशीन बनवत नाही. कुठल्याही मशीनला चालणारा साधा रिमोट दिला. दोन दिवसांत तो परत आला. आवाज कमी-जास्त होतो, गाणं पुढे-मागे जातं, पण पाहिजे ते बटन नाही. कोणतं बटन, ते मात्र सांगेनात. मग मोठ्या आकड्यांचा दिला, म्हाताऱ्या माणसांसाठी मुद्दाम केलेला. तोही परत. मग टीव्ही, डीव्हीडी, सिस्टिम सगळं एकातच चालवणारा लांबलचक रिमोट दिला, तेव्हा तर ते रागावलेच. कालव्यावरच्या नोकरीत आयुष्य गेलं तरी राग आला की त्यांच्या तोंडी गावाकडची बोली येते, ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणाले, "हाई काय शे? इतला बटन कोनले लागतस?"

पुण्याच्या तुमच्या थोरल्यानं बोलून चालवायचा एक डबा पाठवला होता. त्याला गाणं सांगायचं, तो लावतो. मी म्हटलं, आबा, हे सोपं आहे, हातसुद्धा हलवायला नको. ते त्या डब्याकडे बघून म्हणाले, "आयुष्यभर तुझ्या बाईंशी धड बोललो नाही. आता भिंतीशी बोलू?" मी डबा खोक्यात भरून ठेवला. त्या दिवशी माझ्या हातून एका चांगल्या मोबाईलची काच फुटली.

बायको म्हणते, एक रिमोटच तर आहे. तिचंही बरोबर आहे. पण तुमच्या घरातली वस्तू दुरुस्त होत नाही म्हणजे काय? माझ्या दुकानाची पाटी आठवते? पेंटरनं 'दुरूस्ती' असं लिहिलं होतं, रू दीर्घ. उद्घाटनाला सगळे पेढे खात होते आणि तुम्ही रस्त्यात उभ्या राहून पाटी वाचत होतात. "जिथे शब्दच बिघडलेला, तिथे लोक मशीन कशाला आणतील?" अब्बांच्या देखत, सगळ्या नातेवाइकांच्या देखत म्हणालात. मला जमिनीत गडप व्हावंसं झालं. दुसऱ्या दिवशी पेंटर शिडी घेऊन हजर झाला. त्याला तुम्हीच पाठवलं होतं. तुम्ही मला दिलेली भेट म्हणाल तर ती एक मात्रा. तो 'रु' अजून ऱ्हस्व आहे. दर दोन दिवाळ्यांनी रंगवून घेतो.

शेवटी मी घरी जाऊन मशीनच बघायचं ठरवलं. आबांची तक्रार होती की आवाज येत नाही. मला तर येत होता, पण फक्त उजव्या स्पीकरमधून. डावा अगदी मुका. मी वायर तपासली, स्पीकर तपासला, दोन्ही ठणठणीत. मग दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली, आणि गाणं डावीकडून वाजायला लागलं. तेव्हा लक्षात आलं, मशीन बिघडलेलंच नाही. कोणीतरी आवाज उजवीकडे सरकवून ठेवला होता. तो मधे आणायचं बटन मशीनवर नाही, फक्त तुमच्या रिमोटवर होतं. लाईट गेली तरी ते सेटिंग तसंच राहतं. मी खूश झालो. म्हटलं, आबा, झालं काम, रिमोटची गरजच नाही, आता डावीकडून ऐका.

आबा खुर्चीतून ताडकन उठले. "होतं तसं कर."

"पण आबा, तुमच्या उजव्या कानानं ऐकू येत नाही ना..."

"कानाचं माले ठाऊक शे. वायर होती तशी लाव. मला रिमोट पाहिजे."

मी लावली. तुमच्या घरात मला त्या आवाजात कोणी बोललं नव्हतं. बाहेर स्कूटरवर नुसता बसून राहिलो, किल्ली लावायचं सुचेना. आबांना नक्की हवंय काय, आणि मी त्यात काय मोडलं, हेच कळत नव्हतं.

मग एकच रस्ता उरला होता. दुसऱ्या रिमोटकडून शिकून घेणारा एक रिमोट मिळतो. दोघांची तोंडं समोरासमोर ठेवायची, जुन्याचं बटन दाबायचं, नवा ते लक्षात ठेवतो. पण त्याला शिकवायला तसाच चालू रिमोट हवा. मी जामनेरला विचारलं, पहूरच्या एका साउंडवाल्याकडे जाऊन आलो, त्यानं भंगाराच्या ढिगाकडे बोट दाखवलं. शेवटी धुळ्याच्या एका ओळखीच्या मेकॅनिकचा फोन आला की तिथल्या एका ब्युटी पार्लरमध्ये अगदी हेच मशीन अजून रोज वाजतंय. बायको म्हणाली, "दुकान में गिऱ्हाईक खडे, और तुम धुलिया चले एक रिमोट के वास्ते?" मी गेलो. पारोळ्यापर्यंत स्वतःलाच शिव्या देत होतो.

पार्लरवाल्या ताईंनी आधी मला दारातच थांबवलं, आत बायका होत्या. मग काउंटरवर रिमोट ठेवला आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलात, कोण आजारी आहे का?" मी म्हटलं, नाही, माझ्या शाळेतल्या बाईंचं मशीन आहे. "बाई ऐकतात का अजून गाणी?" मला नाही म्हणवेना. मी म्हटलं, "आबा ऐकतात." त्यांनी चहा मागवला. मी एकेक बटन शिकवत गेलो. आवाज सरकवायचं बटन सर्वांत शेवटी घेतलं, आणि ते शिकलं की नाही हे त्यांच्याच मशीनवर परत परत करून बघितलं. खुर्चीत बसलेल्या एका बाईंनी शेवटी ओरडून सांगितलं, "अहो, गाणं एकीकडून ऐकवा ना!"

त्याच संध्याकाळी तुमच्या घरी गेलो. आबांनी रिमोट हातात घेतला, चष्मा वर केला, बटन बोटानं चाचपलं. एकदाच दाबलं. मशीनच्या पट्टीवर एक आकडा कमी झाला. आवाजात काही फरक पडला असेल तर तो मला कळला नाही. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला.

"बस. आज इतलंच."

मी म्हटलं, आबा, दाबून धरा, एकदम मधे येईल.

"एकदम नको," ते म्हणाले. "तिचा डावा कान लहानपणीच गेला होता. गोवरात. मी सरकवून ठेवलं होतं तिच्यासाठी. ती गेली तरी तसंच ऐकत होतो. आता माझाच कान उजवीकडचं घेत नाही, तर काय करू?"

बाई, मला माहीत नव्हतं. शाळेतही कोणाला माहीत नसणार. आबा म्हणाले, वर्ग काढून घेतील म्हणून तुम्ही कधी सांगितलंच नाही. धुळ्याची उर्दू शाळा सोडून मी तुमच्या वर्गात आलो, तेव्हा मराठी वाचताना माझा आवाज घशातच राहायचा. "मोठ्यानं! तुझं वाचन काय खिशात न्यायचंय?" तुम्ही म्हणायचात आणि वर्ग हसायचा. मग संध्याकाळी घरी बोलवायला लागलात. तुम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताय आणि मी स्वयंपाकघरात पाटावर बसून धडा वाचतोय. पाट दर वेळी तुम्ही उजव्या हाताला मांडता. डावीकडे स्टोव्ह आहे, पोराला धग लागेल म्हणून, असं मी समजतो. स्टोव्ह फरफरतो आहे, त्याच्यावर माझा आवाज गेला पाहिजे म्हणून मी ओरडून वाचतो आहे, आणि तुम्ही मान तिरकी करून, पीठभरल्या हातानं थांबता आणि म्हणता, "हं. आता आलं." आज दुकानात गिऱ्हाइकाशी, साहेबाशी, कोणाशीही मी न अडखळता बोलतो, ते त्या पाटावरचं आहे. तुम्ही मला मोठ्यानं बोलायला शिकवत होतात की तुम्हाला नुसतं ऐकायचं होतं? दोन्ही असेल. रस्त्यानं चालताना हेच डोक्यात फिरत राहतं, आणि विचारायला तुम्ही नाही.

आबा रोज एकदाच बटन दाबायचे. कधी दाबायचेही नाहीत. आवाज मधोमध आला तेव्हा कितीतरी दिवस तिथेच थांबले. पुढे मी विचारणं सोडून दिलं. पावसाळ्यात एकदा गेलो तर गाणं पूर्ण डावीकडून येत होतं आणि आबा डोळे मिटून बसले होते. मला बघून म्हणाले, "आता येतं ऐकू." तक्रार केल्यासारखं म्हणाले.

त्यानंतर त्यांचा फोन येऊ लागला, रिमोट चालत नाही. मी जातो, मागचं झाकण उघडतो. एक सेल जागेवरून उचकलेला असतो. तो आपोआप उचकत नाही, मला कळतं. मी म्हणतो, आबा, सेल सैल झाला होता, आणि दाबून बसवतो. ते म्हणतात, "आलाच आहेस तर चहा घे." मग आम्ही दोघं गाणी ऐकतो.

हे पत्र मी आबांना वाचून दाखवणार होतो, पण ते जमायचं नाही. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आलाच नाही. मी दोन दिवस वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी सहज आल्यासारखा गेलो. रिमोट उत्तम चालत होता. आबा चहा टाकायला आत गेले तेव्हा, बाई, मीच झाकण उघडून एक सेल सैल करून ठेवला.